दोराचे दुसरे टोक

पुण्याला सुटीवर आलो की नातेवाइकांत एक प्रश्न हमखास निघतो. "काय हो, तुमची म्हणे तिकडे स्वतःची बोट आहे!" विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काय उभे आहे, ते मला त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येते. पांढरीशुभ्र नौका, तिच्यावर आरामखुर्च्या, हातात सरबताचा पेला आणि काळा चष्मा लावून पहुडलेला मी! आमच्या एका मामेसासऱ्यांनी तर, "खलाशी किती ठेवले आहेत?" अशीही चौकशी केली होती.

मी त्यांना नम्रपणे सांगितले, "मामा, माझी बोट म्हणजे टांगा आहे आणि त्या टांग्याचा टांगेवाला मीच. फरक एवढाच, की टांग्यात गिऱ्हाईक आत बसते. माझे गिऱ्हाईक दोराची मूठ धरून मागे पाण्यावरून येते."

मामांचा उत्साह तिथेच मावळला. पण खरी गोष्ट एवढीच आहे. आम्ही अमेरिकेत, फ्लॉरिडा राज्यात राहतो. या राज्यात लहानमोठी मिळून सात हजारांवर तळी आहेत. त्यांतल्या एका तळ्याच्या काठी माझी बोट बांधलेली असते आणि तिचे काम एकच : वॉटर स्कीइंग करणाऱ्याला ओढणे.

हा खेळ आपल्याकडच्या पुष्कळांनी सिनेमात पाहिलेला असतो. पायात फळ्या, हातात दोर, पुढे धावणारी बोट आणि मागे उडणारे तुषार. पण स्पर्धेतला खेळ हा नुसता तुषारांचा खेळ नाही. त्याच्या स्लालम या प्रकारात पाण्यावर बोये टाकून एक रस्ता आखलेला असतो. लांबी बरोबर २५९ मीटर. बोट मधून सरळ जाते. तिच्या वाटेच्या दोन्ही अंगांना, मध्यरेषेपासून साडेअकरा मीटरांवर, एक डावीकडे तर एक उजवीकडे असे सहा बोये असतात. खेळाडूने एकाच फळीवर उभे राहून, बोटीच्या मागच्या लाटा कापत, या सहाही बोयांना बाहेरून वळसा घालायचा. पुरुषांसाठी बोटीचा वेग जास्तीत जास्त ताशी ५८ किलोमीटर, स्त्रियांसाठी ५५. त्या वेगापर्यंत पोहोचल्यावर बोट आणखी जोरात जात नाही; मग दोर आखूड करतात. १८.२५ मीटरांपासून सुरुवात, मग १६, १४.२५, १३, १२, ११.२५ आणि त्याच्याही खाली.

थोडे गणित करून पाहा. बोया आहे मध्यरेषेपासून साडेअकरा मीटरांवर आणि दोर उरला सव्वाअकरा मीटर. म्हणजे दोर बोयापर्यंत पोहोचतच नाही! उरलेले अंतर खेळाडू आपल्या अंगाने भरून काढतो. पाण्याशी जवळजवळ समांतर होऊन, एक हात लांबवून, तो बोयाच्या पलीकडून फळी काढतो. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा माझा श्वास अडकला होता.

सगळ्यांचे डोळे अशा वेळी दोराच्या मागच्या टोकाकडे असतात, आणि ते योग्यच आहे. पण गेली पंचवीस वर्षे मी दोराच्या दुसऱ्या टोकाला बसतो. म्हणून आज त्या टोकाची हकीकत सांगावीशी वाटते.

कोणतीही बोट या कामाला चालत नाही. साध्या मोटरबोटीचे इंजिन मागे टांगलेले असते आणि दोरही मागेच बांधतात. खेळाडूने बाजूला जोर लावला की तिचे शेपूट त्या बाजूला खेचले जाते आणि तोंड भलतीकडे वळते. चांगला खेळाडू वळणातून निघताना स्वतःच्या वजनाच्या दुपटी-तिपटीने दोर ओढतो. तेव्हा अशा बोटीची फरफट होते. म्हणून स्कीच्या बोटीत इंजिन मधोमध बसवलेले असते आणि त्याच्या पुढ्यातच दोर अडकवायचा पोलादी खांब. ओढ बोटीच्या पोटात बसते, शेपटाला नाही. तळाला पात्यांसारखे छोटे पर असतात, ते पाणी धरून ठेवतात आणि बोटीला सरळ चालवतात.

तिचा दुसरा गुण मला अधिक मोठा वाटतो. जगातली प्रत्येक बोट आपल्या मागे लाट सोडते. या बोटीचा तळ मात्र अशा बेताने घडवलेला असतो, की मागे उठणारी लाट होईल तितकी बुटकी आणि मऊ असावी. कारण ती लाट मागून येणाऱ्याला ओलांडायची असते. आपण गेल्यावर मागच्याच्या वाटेत कमीत कमी खळबळ राहावी, ही या बोटीच्या कारागिरीची कसोटी. माणसांनाही ती लावून पाहावी असे मला पुष्कळदा वाटते, पण ते असो.

या खेळाचा इतिहास सांगतानाही लोक मागच्याच टोकाची गोष्ट सांगतात. १९२२ सालच्या जुलैत मिनेसोटा राज्यातल्या लेक सिटी गावच्या राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या मुलाने लेक पेपिन तळ्यात हा उद्योग प्रथम साधला. पाइनच्या आठ-आठ फूट लांब फळ्या, त्यांची टोके पाण्यात उकळून वाकवलेली, पायासाठी चामड्याचे पट्टे आणि खिडकीला लावतात त्या दोरीचा लांब तुकडा. त्याचा मान अमेरिकेच्या वॉटर स्की संघटनेने १९६६ साली मान्य केला. पण त्या दिवशी बोट कोण चालवत होते? त्याचा थोरला भाऊ बेन. ट्रकचे जुने इंजिन बसवलेली ती बोट बेनने सुरू केली नसती, तर राल्फ आपल्या फळ्या घेऊन काठावरच बसला असता.

इथेच या मालमत्तेची मोठी गंमत आहे. मोटार घेतली, एकट्याने फिरायला गेलात. पेटी घेतली, एकट्याने वाजवलीत. स्कीची बोट मात्र तुम्ही लाख रुपयांना घ्या की कोटीला, एकट्याने तिचा काडीचा उपयोग नाही. एक ओढणारा हवा, एक ओढला जाणारा हवा आणि बोटीत मागे तोंड करून खेळाडूवर नजर ठेवणारा तिसरा हवा. तीन माणसे जमली नाहीत, तर बोट धक्क्याला आणि मालक घरी.

परदेशात नव्याने आलेल्या माणसाला हे फार लवकर कळते. आम्ही १९९६ साली आलो तेव्हा ओळखीचे असे कुणी नव्हते. आजूबाजूला टुमदार घरे, पण दारे लावलेली. जवळच विंटर हेवन गावी सायप्रस गार्डन्स नावाची प्रसिद्ध बाग होती. १९३६ साली सुरू झालेल्या त्या बागेत स्कीचे खेळ होत. ती बाग २००९ साली बंद झाली आणि २०११ पासून तिथे लेगोलँड आहे. तिथला खेळ पाहून आमच्या पाच वर्षांच्या लेकीने घरी हट्ट धरला, "बाबा, मला तसं पाण्यावर उभं राहायचंय!"

आमच्या शेजारी अग्निशामक दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. त्यांच्याकडे अशी बोट होती. मी भीतभीतच विचारले. ते म्हणाले, "मुलीला जरूर आणा. पण माझ्याकडे बघणारं माणूस नाही. तुमच्यापैकी कुणीतरी बोटीत बसायला हवं." मी चटकन आमच्या सौभाग्यवतींकडे पाहिले. तिचा जन्म सदाशिव पेठेतला. पाण्याशी संबंध आला तो नळाच्या. पोहता येत नाही. ती म्हणाली, "पोर पाण्यात जाणार असेल, तर मी घरी बसून काय करू?" पोहण्याचे जाकीट घट्ट आवळून ती बोटीत बसली आणि मागे तोंड करून बसली ती आजतागायत. १९९९ साली आम्ही स्वतःची जुनी बोट घेतली, तेव्हाही तिची जागा ठरलेली होती.

ती बोट १९८७ सालच्या बनावटीची, 'स्की नॉटिक' जातीची. ऑर्लँडोजवळच्या पाइन कॅसलमध्ये १९२५ साली निघालेल्या करेक्ट क्राफ्ट या कंपनीने १९६१ मध्ये हे नाव बाजारात आणले. आठ सिलिंडरांचे इंजिन, तळाशी लाकडी तुळया. जुन्या बोटीत तुळया कुजतात, म्हणून घेण्याआधी शेजारीबुवांनी लहान हातोडीने तिचा तळ ठोकून पाहिला. आपल्याकडे नारळ वाजवून घेतात, तसा!

बोट चालवायला त्यांनीच शिकवले. तेव्हा वेग हाताने सांभाळावा लागे. एका हातात सुकाणूचे चक्र, दुसऱ्या हातात गतीचा दांडा. ताशी ५५ च्या वेगाला २५९ मीटर जायला १६.९५ सेकंद लागले पाहिजेत; चूकभूल सेकंदाच्या दशांशात. खेळाडू प्रत्येक बोयाशी दोर खेचतो, बोट दबते; तो दबाव येण्याआधीच दांडा केसभर पुढे न्यायचा आणि लगेच मागे घ्यायचा. सहा बोये, सहा वेळा. बोटीने जायच्या वाटेवरचे बोये एकमेकांपासून सव्वादोन मीटरांच्या आसपास आणि बोटीची रुंदीही जवळजवळ तेवढीच. सुईत दोरा ओवायचा, तोही कुणीतरी कोपराला हिसके देत असताना! बुवा शेजारी बसून स्टॉपवॉच धरत आणि एकच वाक्य म्हणत, "मागच्याला तुमची आठवण झाली, तर तुमचं काहीतरी चुकलं."

त्या वाक्याची परीक्षा लेकीनेच घेतली. ती चौदा वर्षांची होती. एका स्पर्धेच्या आधीचे पंधरा दिवस सराव चालला होता. तेरा मीटरांच्या दोरावर ती रोज चौथ्या बोयाला पडायची. एका सकाळी पाण्यातूनच ती मराठीत ओरडली, म्हणजे बुवांना कळू नये, "बाबा, थोडी हळू घ्या ना! एकदाच! मला एकदा सहा होऊ देत!"

बापाचे मन आहे. दांडा केसभर मागे घेतला असता, तर कुणाला कळणार होते? स्टॉपवॉच माझ्याच खिशात होते. मी आरशात पाहिले. तळ्याच्या मध्यावर तिचे डोके तेवढे वर दिसत होते. दोर ताणला, तिने "हिट इट!" म्हटले आणि मी बोट काढली. १६.९५. ती पुन्हा चौथ्याला पडली. घरी दोन दिवस माझ्याशी अबोला. आई मध्यस्थी करील असे वाटत होते, पण स्वयंपाकघरातून ऐकू आले ते असे : "अगं, बाबांनी हळू घेतली असती तर सहा बोये झाले असते, पण ते तुझे झाले असते का?" स्पर्धेत तिचे पाच झाले. सहा झाले ते पुढच्या वर्षी. त्या दिवशी बोट दुसरेच कुणी चालवत होते, कारण आमच्या क्लबात बापाने आपल्या मुलीला स्पर्धेत ओढायचे नाही असा रिवाज आहे. मी काठावर उभा होतो. आदल्या वर्षी दांडा मागे न घेतल्याचे मला त्या क्षणाइतके समाधान कधीच झाले नाही.

पडलेल्या खेळाडूकडे परत जाणे हे मात्र मी सर्वांत महत्त्वाचे काम समजतो. सौ. हात वर करून "पडली!" म्हणते. घाईने गर्रकन वळायचे नाही. वळलात तर लाटा उसळून साऱ्या तळ्याचे पाणी ढवळते. वेग कमी करायचा, सावकाश फिरायचे, खेळाडू सतत आपल्या नजरेच्या बाजूला राहील असे यायचे आणि तो बोटीत चढणार असेल, तर इंजिन पूर्ण बंद. पाण्याखाली फिरणारा पंखा माणूस ओळखत नाही. सौ.ने या बाबतीत मला कधी सूट दिलेली नाही. पुढे तिने परीक्षक होण्याचे शिक्षण घेतले आणि न पोहणारी ही बाई बोटीत बसून गुण देऊ लागली.

आता मालकीचे म्हणाल, तर ती आपल्याकडच्या गायीच्या मालकीसारखी आहे. दूध शेजारपाजारी जाते, शेण आपण काढायचे. इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटे पंखा लावून तळातली पेट्रोलची वाफ घालवायची. ती आत राहिली तर ठिणगीसरशी भडका. बोट पाण्यात सोडण्याआधी तळाचे बूच लावले आहे ना, ते पाहायचे. इंजिन थंड ठेवण्यासाठी तळ्याचे पाणी ओढणाऱ्या पंपात रबराचे एक छोटे चक्र असते. ते दरवर्षी बदलायचे. ते फाटले की पाणी थांबते आणि काही मिनिटांत हजारो डॉलर्सच्या इंजिनाची भट्टी होते. पंख्याचे पाते लाकडाच्या ओंडक्याला घासले की सारी बोट थरथरते. तासाला चार-पाच गॅलन पेट्रोल जळते, ते वेगळेच. शिवाय काठावर मगरींचे भाऊबंद ऊन खात पडलेले असतात, त्यांचा मान राखून धक्क्यावर उतरायचे.

मोठ्या स्पर्धांत दरवर्षी तपासून मान्य केलेल्या बोटीच चालतात. अशी नवी बोट आज एक लाख डॉलर्सच्या पुढे जाते. कंपन्या काही निवडक लोकांना सवलतीत बोट देतात. त्यांनी ती हंगामभर स्पर्धांना न्यायची आणि मग विकायची. अशी एक हंगाम चाललेली बोट २०११ साली आम्ही कर्ज काढून घेतली. तिच्यात नवे यंत्र होते. २००८ च्या सुमारास या खेळात उपग्रहाच्या मदतीने वेग सांभाळणारी 'झीरो ऑफ' नावाची पद्धत आली. आकडा दाबला की बोट तेवढ्याच वेगाने जाते. ओढ लागल्यावर इंजिनाने लगेच जोर धरावा की जरा सबुरीने, तो हलका असावा की जबर, हेसुद्धा खेळाडू अक्षर-आकडा सांगून ठरवतो. दहा वर्षांत माझ्या उजव्या हाताने जे कमावले होते, ते एका डबीने घेतले.

पहिले काही दिवस मी खट्टू झालो. तोवर बुवांची नजर अधू झाली होती. त्यांनी बोट चालवणे सोडले होते. मी त्यांना गाऱ्हाणे सांगितले. ते हसून म्हणाले, "वेग यंत्राने घेतला. सरळ जाणं अजून तुमच्याकडेच आहे ना?" आणि खरेच, यंत्र सुकाणू धरत नाही. मोठ्या स्पर्धेत काठावरचा कॅमेरा बोट रेषेवरून किती सरकली ते टिपत असतो. खेळाडूकडे बोट वीतभर झुकली तरी त्याला फायदा होतो. लांब गेली तर त्याचे नुकसान. आणि पडलेल्याकडे परत जायचे यंत्राला कोण सांगणार?

२०१३ मध्ये लेक पदवीनंतर नोकरीसाठी शिकागोला गेली. घरात दोघेच उरलो. बोटीचे हप्ते उरलेच होते. मी वहीत आकडे मांडले : हप्ता, विमा, पेट्रोल, दुरुस्ती. दुसऱ्या बाजूला उत्पन्न शून्य आणि ओढायला कुणी नाही. रात्री बसून मी बोट विकण्याच्या जाहिरातीचा मजकूर लिहिला आणि सौ.ला वाचायला दिला.

तिने तो शांतपणे वाचला. म्हणाली, "सगळं बरोबर लिहिलंय. एकच राहिलं. मागच्या गल्लीतल्या त्या दोन मुलांना काय सांगायचं, तेवढं खाली लिहा."

ती दोन मुले म्हणजे सख्खे भाऊ. बाप नाही, आई इस्पितळात परिचारिका. बुवा त्यांना ओढत असत. बुवांचे चालवणे सुटल्यापासून ती आमच्या बोटीकडे डोळे लावून होती. मी म्हणालो, "अगं, पण आपली मुलगी तर गेली!"

"आपली मुलगी बुवांची कोण होती?" तिने विचारले.

मी लहानपणी वाशिष्ठीच्या खाडीवर दाभोळहून धोपाव्याला तरीने जात असे. तरीवाला दिवसभर या काठाचे लोक त्या काठाला नेई. स्वतः त्याला कुठेच जायचे नसे. तेव्हा मला त्याची कीव येई. त्या रात्री पहिल्यांदा वाटले, की त्याची होडी आणि त्याचा दिवस यांत वाया जाण्यासारखे काहीच नव्हते.

जाहिरातीचा कागद वहीत तसाच राहिला. कर्ज फिटायला आणखी चार वर्षे लागली. त्या काळात आमची भारतवारी एकदा चुकली आणि गाडी जुनीच राहिली. धाकटा भाऊ पुढे महाविद्यालयाच्या संघातून खेळला. थोरल्याने खेळ सोडला, पण बोट चालवायला शिकला आणि परवाना मिळवून स्पर्धांत ओढू लागला. मी साठी ओलांडल्यावर त्याच्या आग्रहाने एकदा दोराच्या मागच्या टोकालाही गेलो. पाण्यातून उठलो, दहा सेकंद उभा राहिलो आणि आपटलो. त्याने सावकाश बोट वळवली आणि मला आपल्या बाजूला ठेवून इंजिन बंद केले. सौ.ने वरून हात वर केलेला होताच.

इकडे दिवाळीत तळ्याचे पाणी अजून कोमट असते. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झाले की आम्ही फराळाचा डबा घेऊन धक्क्यावर जातो. चार-पाच घरची मुले जमलेली असतात. चकलीला काय म्हणतात हे त्यांना आता पाठ आहे. पाणी आरशासारखे स्तब्ध असते. कोणीतरी पाण्यात उतरते, सौ. मागे तोंड करून बसते, दोर हळूहळू ताणत जातो. तो पुरता ताठ झाला की हाताला ओझे जाणवते. त्या ओझ्याशिवाय ही बोट नुसतीच पाण्यावर तरंगते. आणि पंचवीस वर्षांनी एवढे नक्की सांगतो, की नुसते तरंगण्यासाठी इतका खर्च कुणी करू नये.